दार आपटलं तेव्हा गोष्ट सापडली

प्रश्न असा आला आहे: "चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'मध्ये आंधळी फुलवाली आणि भटक्या यांच्या पहिल्या भेटीला ३४२ टेक लागले असं सगळीकडे वाचतो. प्रसंग दोन-तीन मिनिटांचा, तोंडी संवाद नाहीत. मग अडलं कुठे? नटी कच्ची होती की दिग्दर्शक विक्षिप्त? मी लघुपट करतो. आमच्याकडे चौथा टेक मागितला की निर्माता घड्याळ बघतो."

मी संकलक आहे. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी घेतलेले टेक बघत बसणं हाच माझा धंदा, त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आधी थोडक्यात सांगतो: नटी कच्ची होती आणि दिग्दर्शक विक्षिप्तही होता, पण काम त्यामुळे अडलं नव्हतं. अडलं होतं ते गोष्टीत. एक साधी गाठ सुटत नव्हती, आणि ती कागदावर सोडवण्याऐवजी चॅप्लिन ती कॅमेऱ्यासमोर सोडवत बसला होता.

३४२ या आकड्यासाठी मी भांडणार नाही. गिनीजच्या नावाने तो फिरतो आणि आता पुसला जाणं कठीण आहे. आकड्यापेक्षा भक्कम पुरावा म्हणजे त्या दिवसांची उरलेली फिल्म. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ साली चॅप्लिनच्या टाकून दिलेल्या शॉट्सवर 'अननोन चॅप्लिन' हा तीन भागांचा माहितीपट केला. शिवाय राल्फ बार्टन नावाचा व्यंगचित्रकार मित्र सेटवर आला होता, त्याने आपल्या छोट्या कॅमेऱ्याने चॅप्लिनला काम करताना टिपलं. त्यात भटक्याच्या वेशातला चॅप्लिन फुलवालीला फूल कसं धरायचं ते दाखवतो, मागे सरकतो, बघतो, पुन्हा पुढे येतो. दहा मिनिटं ते बघितलं तरी त्या माणसाबरोबर काम करणं काय असेल याची कल्पना येते.

आता गाठ काय होती ते. भटक्या हा फाटका माणूस. मुलगी आंधळी. तिने त्याला श्रीमंत समजायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्या गैरसमजावर उभी आहे. त्या गैरसमजाला जागण्यासाठीच तो रस्ते झाडतो, मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरतो आणि शेवटी तुरुंगात जातो. पण आंधळ्या मुलीने समोरच्याला श्रीमंत का समजावं? कपडे ती बघू शकत नाही. बोलण्यावरून म्हणावं, तर चित्रपट मूक. पडद्यावर मजकुराची पाटी टाकून "ती त्याला धनिक समजली" असं लिहिता आलं असतं, पण ते लबाडीचं काम झालं असतं. प्रेक्षकाला पाटी वाचून कळतं, पण पटत नाही.

पडद्यावर शेवटी जे दिसतं ते एकदा सावकाश बघू. रस्त्यात गाड्यांची कोंडी झाली आहे. भटक्या रस्ता ओलांडतो आणि समोर मोटरसायकलवरचा पोलीस दिसतो. पोलीस दिसला की भटक्या वाट बदलणार, ही त्याची जुनी खोड. बाजूला एक मोठी मोटार उभी आहे. तो तिचं एक दार उघडून आत शिरतो, दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो आणि दार लावून घेतो. तिथेच कठड्याशी फुलवाली बसली आहे. दाराचा आवाज ऐकून ती मान वळवते आणि फूल पुढे करते. गाडीतून उतरला म्हणजे साहेब.

तो फूल घ्यायला जातो तेव्हा तिच्या हातातलं एक फूल त्याच्या धक्क्याने खाली पडतं. तो ते उचलतो. ती मात्र जमिनीवर चाचपडत राहते आणि "उचललंत का, साहेब?" असं विचारते. तो क्षणभर वैतागतो, मग थबकतो. हातातलं फूल तिच्या डोळ्यांसमोर धरून बघतो. काही हलत नाही. तिथे त्याला कळतं, आणि आपल्यालाही त्याच क्षणी कळतं. मग ती त्याच्या कोटाला फूल लावते, तो खिशातलं नाणं देतो. ती उरलेले पैसे परत द्यायला लागते, आणि एवढ्यात मोटारीचा खरा मालक येतो, आत बसतो, दार पुन्हा आपटतं आणि गाडी निघून जाते. ती गाडीच्या दिशेने म्हणते, "पैसे घेऊन जा ना, साहेब!" भटक्या तिच्यापासून दोन पावलांवर उभा आहे. तो बोलत नाही. टाचा उचलून, आवाज न करता मागे सरकतो.

दार दोनदा आपटतं. पहिल्यांदा तो श्रीमंत होतो आणि दुसऱ्यांदा त्याचं श्रीमंत असणं पक्कं होतं, कारण सुटे पैसे न घेता गाडीतून निघून जाणारा माणूस आणखी कोण असणार? तिला गरीब म्हणून कळण्याऐवजी 'गेलेला साहेब' म्हणून राहणं तो पत्करतो. गैरसमज तिने करून घेतला होता, गप्प राहून तो भटक्याने आपलासा केला. एवढं सगळं गाडीच्या दाराने केलं आहे.

आणि गंमत अशी की दार आपटल्याचा आवाज चित्रपटात नाही. चित्रपटाला ध्वनिमुद्रित संगीत आहे, घंटा वाजते, शिट्टी वाजते, पण ज्या आवाजावर सगळी कथा टेकली आहे तो आपल्याला ऐकवलेला नाही. तिची वळलेली मान दिसते आणि आवाज आपल्या डोक्यात वाजतो.

मी शिकवायला जातो तिथे एक प्रयोग करतो. या प्रसंगातून दाराचे शॉट कापून टाकतो आणि उरलेलं मुलांना दाखवतो. मग विचारतो, ती त्याला श्रीमंत का समजते? उत्तरं भरपूर येतात. त्याने लगेच पैसे दिले म्हणून. तो सभ्यपणे वागला म्हणून. एका मुलीने म्हटलं होतं, "सर, ती आशेवर आहे म्हणून." हुशार उत्तर आहे, पण ते लेखकाला वाचवायला काढलेलं उत्तर आहे. मग दार परत लावतो आणि पुन्हा दाखवतो. वर्गात कुणी काही विचारत नाही, कारण विचारण्यासारखं उरतच नाही.

चॅप्लिनला हे दार सुरुवातीला सापडलेलं नव्हतं. तो महिनोन्‌महिने मुलीला कठड्याशी बसवून, फूल पुढे करायला लावून, स्वतः इकडून तिकडून येऊन बघत होता. त्याचे जे टेक तुम्ही मोजता आहात, त्यातले कित्येक 'चांगलं झालं नाही' म्हणून परत घेतलेले नव्हते. काय घ्यायचं हेच ठरलं नव्हतं म्हणून घेतलेले होते. आपल्याकडे याला लेखकाच्या घरी चहा पीत केलेलं काम म्हणतात. त्याने तेच काम निगेटिव्हवर केलं.

हे त्याला परवडलं कसं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं तुमच्यावर अन्याय होईल. हॉलिवुडमध्ये ला ब्रेया रस्त्यावर त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. कॅमेरामन रोली टॉथरो वर्षानुवर्षांचा साथीदार, कला दिग्दर्शक चार्ल्स हॉल घरचाच, आणि तंत्रज्ञ पगारावर. वितरणासाठी मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्याबरोबर १९१९ साली काढलेली युनायटेड आर्टिस्ट्स होतीच. चित्रपटाला सुमारे १५ लाख डॉलर लागले आणि ते त्याच्या खिशातले होते. १९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला तेव्हा चित्रीकरण चालू होतं, पण त्याने आपले शेअर १९२८ सालीच विकून टाकले होते. म्हणजे घड्याळ बघणारा निर्माता तिथेही होता, फक्त तो भटक्याच्या मिशा लावून कॅमेऱ्यासमोर उभा होता. चित्रीकरण १९२८च्या डिसेंबरअखेर सुरू झालं ते १९३०च्या शरदापर्यंत चाललं, मध्ये कित्येक दिवस नुसते बसून गेले.

आणि काळ कोणता? १९२७ साली 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला होता. वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेतली बहुतेक चित्रपटगृहं आवाजाची यंत्रं बसवून मोकळी झाली. 'सिटी लाइट्स' ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झळकला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ मार्चला, मुंबईत मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. म्हणजे आपल्याकडेसुद्धा पडदा बोलू लागला त्याच सुमारास हा माणूस मूकपट घेऊन उभा होता, तोही नावाखाली 'मूकाभिनयातली विनोदी प्रेमकथा' असं स्पष्ट लिहून. भटक्याला आवाज दिला तर तो कोणत्या देशातला, कोणत्या बोलीतला, हे ठरवावं लागलं असतं. तोवर तो सगळ्या जगाचा होता. पहिल्याच प्रसंगात पुतळ्याच्या अनावरणाला पुढारी भाषण करतात आणि त्यांच्या तोंडून पिपाणीसारखी पिरपिर बाहेर पडते. बोलपटांना त्याने तिथल्या तिथे काढलेला हा चिमटा.

आता नटीबद्दल. व्हर्जिनिया चेरिल तेव्हा विशीतली, इलिनॉयमधून आलेली, अभिनयाचा अनुभव शून्य. तिची नजर अधू होती, लांबचं नीट दिसायचं नाही, आणि चॅप्लिनला तीच गोष्ट उपयोगाची वाटली. आंधळेपणा दाखवायला डोळे पांढरे करणारे कलाकार त्याला नको होते. माझ्याकडे बघ, पण आत बघ, मी दिसतोय असं वाटू देऊ नकोस, असं त्याने तिला सांगितलं होतं. सूचना म्हणून ही फार वरच्या दर्जाची आहे. आजही एखाद्या दिग्दर्शकाला अंध पात्र करून घ्यायचं असेल तर मी हीच सांगतो.

दोघांचं जमलं मात्र नाही. तिला काम ही पोटाची गोष्ट वाटायची नाही. तासन्‌तास थांबायचं, मग बोलावणं आलं की पुन्हा तेच फूल, तेच चार शब्द. १९२९च्या नोव्हेंबरात तिने केशभूषेसाठी लवकर सोडायला सांगितलं आणि चॅप्लिनने तिला काढूनच टाकलं. 'द गोल्ड रश'ची नायिका जॉर्जिया हेल हिला बोलावून शेवटच्या प्रसंगाची चाचणी घेतली. ती चाचणी आजही बघायला मिळते. हेल अनुभवी, तयार नटी. तिच्या चेहऱ्यावर सगळं वेळेवर उमटतं. मला तिचं काम आवडतं आणि तरी ती तिथे चालली नसती असं माझं मत आहे. तिला प्रसंग कळलेला दिसतो. चेरिलच्या चेहऱ्यावर तो तेव्हाच कळत असतो. शिवाय इतकं चित्रीकरण झालं होतं की पुन्हा सगळं घेणं म्हणजे दिवाळं. चॅप्लिनने चेरिलला परत बोलावलं. तिने नटी मॅरियन डेव्हिसचा सल्ला घेऊन पगार दुप्पट मागितला, ७५ डॉलरचे आठवड्याला १५० झाले. पुढे काही काळ ती कॅरी ग्रँटची बायको होती, पण सिनेमाच्या इतिहासात तिचं नाव राहिलं ते त्या एका फुलामुळे.

नोकरी गेलेली ती एकटी नव्हती. लक्षाधीशाच्या भूमिकेत आधी हेन्री क्लाइव्ह हा चित्रकार होता. आत्महत्येच्या प्रसंगात थंडगार पाण्यात उडी मारायला त्याने नकार दिला आणि तो गेला, त्याच्या जागी हॅरी मायर्स आला. क्लाइव्हचं झालेलं चित्रीकरण वाया. सहाय्यक हॅरी क्रॉकरही मध्येच गेला. कुणाबरोबरही इतकं कठोर वागू नये, हे मी मनापासून म्हणतो. प्रतिभेची पावती दाखवून माणसं छळणारे दिग्दर्शक मी जवळून पाहिले आहेत आणि त्यातल्या एकानेही 'सिटी लाइट्स' केलेला नाही.

या लक्षाधीशाचा धागा लोक विनोदाचं पोतं म्हणून सोडून देतात, पण संकलकाच्या नजरेतून तो फुलवालीच्या धाग्याची दुसरी बाजू आहे. हा गृहस्थ दारू प्यायला की भटक्याला गळामिठी घालतो, शुद्धीवर आला की ओळखत नाही. डोळे शाबूत असलेला माणूस, आणि त्याला समोरचा दिसतो तो फक्त झिंगल्यावर. चॅप्लिनच्या डोक्यात ही कल्पना वेगळीच सुरू झाली होती: दोन धनिक गंमत म्हणून एका भटक्याला ऐषारामात ठेवतात आणि मग परत रस्त्यावर सोडतात. आंधळेपणाचा धागाही आधी एका विदूषकाचा होता, ज्याची दृष्टी जाते आणि आजारी लेकीपासून त्याला ती गोष्ट लपवावी लागते. दोन्ही कल्पना जशाच्या तशा वापरल्या असत्या तर एक कडवट झाली असती आणि एक गुळचट. त्याने दोन्ही मोडल्या आणि जोडल्या.

आणि त्या गोडव्याची त्याला किती भीती होती ते बघायचं तर पहिल्या भेटीचा शेवट बघा. भटक्या टाचा उचलून चालत जातो, मग परत येऊन तिच्याजवळ गुपचूप बसतो आणि तिला न्याहाळत राहतो. संगीत हळवं, चेहरा हळवा, प्रेक्षक हळवा. ती फुलांचं भांडं पाण्याने विसळते आणि ते पाणी बाजूला भिरकावते. सगळं त्याच्या तोंडावर. कुणी दुसरा असता तर हळव्या चेहऱ्यावर चित्र काळं करत नेलं असतं. माझ्या टेबलावर असे प्रसंग आले की मी दिग्दर्शकाला विचारतो, पाणी कुठे आहे? आता आमच्या गोटात ते एक वाक्यच झालं आहे.

काय ठेवलं यापेक्षा काय काढलं यावरून संकलन कळतं. त्याने सुरुवातीसाठी जवळजवळ सात मिनिटांचा एक प्रसंग घेतला होता. फुटपाथच्या जाळीत लाकडाची एक काडी अडकलेली आहे आणि भटक्या छडीने ती खाली ढकलू पाहतो. काडी जात नाही. येणारे-जाणारे थांबतात, गर्दी जमते, दुकानाच्या काचेआडून एक माणूस खाणाखुणांनी सल्ले द्यायला लागतो, आणि हा त्या काडीपायी सगळं विसरतो. बघितलात तर हसून पोट दुखेल. त्याने तो अख्खा काढून टाकला. कारण त्याने लिहून ठेवलेलं नाही, पण टेबलाशी बसणाऱ्याला ते दिसतं: काडीच्या प्रसंगात भटक्याला कुणाचीच गरज नाही. तो स्वतःच्या खेळात पुरा आहे. अशा माणसाने दहा मिनिटांनी फुलवालीसमोर टाचा उचलून चालणं पटलं नसतं. इतका नामी प्रसंग गाठोडं बांधून माळ्यावर टाकायला जिगर लागते. ३४२ टेकपेक्षा मला या कात्रीचं कौतुक जास्त वाटतं.

मुष्टियुद्धाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही पुन्हा एकदा आवाज बंद करून बघा. भटक्या, प्रतिस्पर्धी हँक मान आणि पंच, तिघांची पावलं कशी एका तालात पडतात ते मोजा. पंचाच्या मागे लपण्याचा विनोद जास्तीत जास्त काळ एकाच रुंद शॉटमध्ये चालतो. मध्ये कट घातला असता तर ताल मेला असता. क्लोजअपची घाई सुटलेल्या आजच्या मंडळींना हा प्रसंग औषधासारखा द्यायला हवा.

संगीताचंही असंच. चित्रपटाचं संगीत त्याने स्वतः बांधलं, आर्थर जॉन्स्टनने ते कागदावर उतरवलं आणि ऑल्फ्रेड न्यूमनने वाद्यवृंद सांभाळला. संगीतवाल्यांना विनोदी चित्राला विनोदी संगीत द्यायचं होतं. चॅप्लिनला ते नको होतं. त्याला हळुवार, देखणं संगीत हवं होतं, जे पडद्यावरच्या गमतीशी स्पर्धा करणार नाही. फुलवालीच्या धुनेपुरती एक चूक त्याने केली: ती मुळात स्पॅनिश संगीतकार होसे पादिया यांच्या 'ला व्हायोलेतेरा'ची आहे. पादिया कोर्टात गेले आणि जिंकले.

माझ्याकडची एक फजिती सांगतो, म्हणजे दाराचं महत्त्व हातात येईल. काही वर्षांपूर्वी एका लघुपटाचं संकलन माझ्याकडे आलं. गावाकडच्या एका म्हातारीची नजर गेली आहे आणि दारात आलेल्या फेरीवाल्याला ती शहरातून आलेला मुलगा समजते. चित्रीकरण सुंदर, म्हातारी अप्रतिम. पण ती असं का समजते, ते कुणीच घेतलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, डबिंगमध्ये एक वाक्य टाकू. टाकलं: "तुझ्या बुटांचा आवाज ओळखला रे!" फेरीवाल्याच्या पायात पडद्यावर स्लीपर होती. ती फ्रेममधून कापता कापता मी दोन रात्री घालवल्या, तरी एका शॉटमध्ये राहिलीच. पहिल्या खेळाला नेमक्या त्याच जागी लोक हसले. म्हातारी रडत होती आणि सभागृह हसत होतं. तो दिग्दर्शक पुढे चांगलं काम करू लागला, पण त्या दिवशी तो माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. तिथे त्याला चौथा टेक नको होता. चित्रीकरणाच्या आधी एक आठवडा आणि उंबऱ्याशी वाजणारी एखादी वस्तू पुरली असती.

तुमच्या निर्मात्याला हे सांगा. टेक स्वस्त झाले आहेत, फिल्म जळत नाही, कार्ड भरलं की दुसरं लावायचं. पण चाळीस टेक घेऊनही दार सापडत नसेल तर दिवा बंद करून घरी जाणं परवडतं. चॅप्लिनही तेच करायचा. काहीच चित्रित न करता स्टुडिओ चालू ठेवून तो कित्येक दिवस काढत असे. तुमच्या खिशाला स्टुडिओ जमणार नाही, पण स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर मित्रांना घेऊन तोच प्रसंग दहा प्रकारांनी घेणं जमेल. ती तुमची टाकाऊ फिल्म.

आता शेवटच्या प्रसंगाकडे येतो, कारण दाराचं देणं तिथे फिटतं. मुलीच्या डोळ्यांवर उपचार झालेले आहेत, आता तिचं स्वतःचं फुलांचं दुकान आहे. दुकानात कुणी उंच टोपीवाला देखणा तरुण आला की तिचा श्वास अडकतो. भटक्या तुरुंगातून सुटून आलेला, पूर्वीपेक्षा फाटका. रस्त्यावर वर्तमानपत्र विकणारी पोरं त्याला नळीतून दाणे मारतात, त्याच्या फाटक्या विजारीतून बाहेर आलेलं कापड ओढतात. त्यातल्या एका पोराचं नाव रॉबर्ट पॅरिश. तो पुढे संकलक झाला आणि 'बॉडी अँड सोल'साठी त्याला ऑस्करही मिळालं. चॅप्लिन आधी पोर होऊन दाणा मारून दाखवायचा, मग धावत जाऊन भटक्या होऊन तो दाणा लागून घ्यायचा, असं पॅरिशने पुढे लिहून ठेवलं आहे. आमच्या जातीचा माणूस म्हणून मला हे फार आवडतं.

मुलगी काचेआडून हे बघते आणि हसते. लक्षात घ्या, आता तिला दिसतं आहे आणि ती त्याला ओळखत नाही. तिने डोळ्यांनी कधी त्याला पाहिलेलंच नाही. तो वळतो, तिला बघतो आणि थिजतो. हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळतात. ती दया येऊन नवं फूल आणि एक नाणं देऊ करते. तो सटकू पाहतो. ती बाहेर येते, त्याचा हात धरते आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवते. तिथे तिची बोटं थांबतात. मग ती बोटं त्याच्या हातावरून बाहीकडे आणि बाहीवरून कोटाकडे चढतात. जिथे तिने कधीकाळी फूल लावलं होतं त्या कोटाकडे. कानाने केलेली चूक हात दुरुस्त करतो, डोळे नुसते बघत राहतात. "तुम्ही?" "आता दिसतं?" "हो, आता दिसतं." एवढीच पाटी.

पहिल्या भेटीत नुसत्या पाटीने त्याला श्रीमंत ठरवलं असतं तर या शेवटाला काही वजन आलं नसतं. दोन वर्षं तो कठड्यापाशी रेंगाळला ते या हातासाठी. शेवट त्याच्या मनात आधीपासून होता, तिथवर पोचणारी वाट नव्हती.

या शेवटच्या शॉटबद्दल चॅप्लिनने म्हातारपणी सांगितलं होतं की आधीचे टेक सगळे जास्त झाले होते, अभिनय दिसत होता. या टेकला तो अभिनय करत नव्हता, स्वतःच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे बघत होता. अमेरिकन समीक्षक जेम्स एजी यांनी १९४९ साली लिहिलं की पडद्यावरचा अभिनय याच्यापुढे गेलेला नाही. एवढ्या मोठ्या विधानाशी मी सहसा सहमत होत नाही, इथे होतो.

लॉस एंजेलिसच्या पहिल्या खेळाला आइनस्टाइन चॅप्लिनच्या शेजारी बसले होते. थिएटर नवं होतं. चित्रपट रंगात आलेला असताना मध्येच दिवे लागले आणि ध्वनिक्षेपकावरून थिएटरच्या सजावटीचं कौतुक सुरू झालं. चॅप्लिन खुर्चीतून ओरडत उठला, लोकांनी हुर्यो केली, मग चित्रपट पुढे सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये त्याने स्वतः जॉर्ज एम. कोहान थिएटर भाड्याने घेतलं, ५० सेंट आणि १ डॉलर असे दर ठेवले आणि मूकपट १२ आठवडे चालवून दाखवला. नंतर तो जगप्रवासाला निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये गांधीजींना भेटला. यंत्रांवरून त्यांच्यात जे बोलणं झालं तो वेगळा विषय आहे, कुणी विचारलं तर कधीतरी लिहीन.

जाता जाता तुमच्या '३४२'ला एक जोड देतो. शेवटच्या प्रसंगात भटक्याच्या हातात फूल आहे आणि तो ते तोंडाशी धरून उभा आहे. समोरून घेतलेला शॉट आणि त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघणारा शॉट आलटून पालटून येतात. हाताची आणि फुलाची जागा दोन्हीकडे जुळत नाही. आमच्याकडे एखाद्या नवशिक्याने असं जोडलं तर मी त्याला पुन्हा बसवेन. फूल कसं धरायचं यावरून एका मुलीला महिनोन्‌महिने रडवणाऱ्या माणसाने ही चूक तशीच राहू दिली, कारण तो चेहरा ज्या टेकमध्ये होता तो टेक त्याला हवा होता. वर्गात मी हा प्रसंग आजवर कित्येकदा दाखवला आहे. पहिल्या वेळी फुलाकडे बघितलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.